जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलमधून ऑईल परत परत गळतंय? सील बदलण्याआधी हे तपासा

मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकामागे जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या बुडाशी ऑईल ओघळतं. गॅरेजवाला सील (ऑईल अडवणारं रबरी कडं) बदलून देतो. उन्हाळा बरा जातो, मग एक पावसाळा होतो आणि पार्किंगच्या फरशीवर पुन्हा तोच डाग. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जिप्स्या हीच तक्रार घेऊन येतात आणि मालकाकडे आधीच्या सीलचं बिलही असतं. सील गेलंय हे खरंच असतं. पण ते आपणहून फार क्वचित जातं. कोंडलेली हवा, ढिली किंगपिन (ज्या खुंटीवर चाक वळतं ती), गंजलेला गोळा, घासलेला शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) किंवा वाकलेलं हौसिंग (ॲक्सलचं बाहेरचं लोखंडी कवच), यांतलं कोणीतरी त्याला मारतं. मारणारा तसाच ठेवून नवं सील घातलं तर ती नुसती मलमपट्टी.

खाली सगळं जिप्सीच्या हिशोबाने लिहिलंय, कारण माझा हात त्याच गाडीवर बसलेला आहे. जुन्या महिंद्रा जीपला बंद नकलचा (नकल म्हणजे गोळ्यावर बसून चाकाबरोबर वळणारा भाग) ॲक्सल असेल तर तर्क हाच, मापं वेगळी. स्वतंत्र सस्पेन्शनवाल्या गाड्यांना हे लागू नाही.

लक्षणं

रात्री गाडी सपाट जागेवर लावा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला पुठ्ठा टाका. सकाळी जो डाग पडला असेल तो बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की बसला. ग्रीसला तो नसतो. ब्रेक ऑईल पातळ असतं आणि पाण्याने धुऊन जातं.

आता डाग काय सांगतो ते बघा.

- गोळ्याच्या बुडाशी पातळ, करडट, गंधकाच्या वासाचा ओघळ: डिफमधलं, म्हणजे ॲक्सलमधल्या डिफरन्शियलच्या पेटीतलं, ऑईल आतलं सील ओलांडून नकलमध्ये शिरलंय आणि ग्रीस पातळ करून बाहेर पडतंय.
- गोळ्याभोवती नुसत्या काळ्या घट्ट ग्रीसचं कडं: आतलं सील ठीक आहे, मागचं मोठं सील दमलंय. थोडासा ओलसर थर असणं गरजेचंच असतं, त्याला गळती म्हणू नका.
- टायरच्या आतल्या भिंतीवर किंवा डिस्कवर शिंतोडे: माल स्पिंडलमधून, म्हणजे चाकाचा हब ज्यावर फिरतो त्या पोकळ दांड्यातून, हबकडे आलाय. ब्रेक पॅडला ऑईल लागलं असेल तर गाडी तिथेच उभी करा, बाकीचं नंतर.
- प्रोपेलर शाफ्ट जिथे डिफला जोडतो तिथे ओल: हे पिनियन सील. वेगळं प्रकरण आहे, शेवटाकडे त्याबद्दल लिहिलंय.

गळतीबरोबर येणारी लक्षणंही नोंदवून ठेवा. ५०-६० च्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. चाक सरळ असताना स्टिअरिंग एखाद्या खाचेत बसल्यासारखं वाटतं. फोर व्हील टाकून पूर्ण वळवलं की पुढून कट-कट आवाज येतो. ही तिन्ही लक्षणं गळतीच्याच कुटुंबातली आहेत, म्हणून एकदाच उघडायचं तर सगळी डोळ्यासमोर हवीत.

आत काय असतं

हौसिंगच्या टोकाला पोकळ गोळा आहे. त्यावर नकल बसतो आणि वरची-खालची अशा दोन किंगपिनांवर फिरतो. प्रत्येक पिनेला एक टेपर बेअरिंग. गोळ्याच्या आतून ॲक्सल शाफ्ट जातो आणि नकलच्या पोटात त्याचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा) असतो. डिफची बाजू गिअर ऑईलवर चालते, नकलची बाजू ग्रीसवर. या दोघांना वेगळं ठेवणारं एकच छोटं सील हौसिंगच्या तोंडाशी असतं. दुसरं मोठं सील गोळ्याच्या मागे, बाहेरच्या अंगाला असतं. त्याचं काम ग्रीस आत आणि चिखल बाहेर ठेवणं.

म्हणजे आतलं सील फुटलं की दोन नुकसानं एकदम होतात. डिफमधलं ऑईल कमी होतं आणि जॉइंटचं ग्रीस धुपतं. बाहेर दिसणारा डाग हा त्यातला स्वस्त भाग.

१. ब्रीदर (खर्च शून्य)

हौसिंगच्या वरच्या अंगाला एक छोटी नळी किंवा टोपी असते, ती म्हणजे ब्रीदर. चिखलाने, रंगाने किंवा अंडरकोटिंगच्या डांबराने ती बुजलेली सापडली नाही तरच मला आश्चर्य वाटतं. लष्कराच्या लिलावातून घेऊन रंगवलेल्या गाड्यांमध्ये तर ब्रीदरवर हिरव्या रंगाचा जाड थरच असतो.

हे एवढं महत्त्वाचं का? घाटात तासभर चालल्यावर डिफ तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती सर्वांत कमजोर वाटेने निघते आणि ती वाट म्हणजे सीलचा ओठ. मग हाच तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरतो. हवा आकसते, आत ओढ बसते आणि त्याच ओठावरून पाणी आत येतं. एकाच दिवसात सीलला दोन्ही दिशांनी मार बसतो.

ब्रीदर काढा, डिझेलमध्ये बुडवून साफ करा, तोंडाने फुंकून बघा. हवा मोकळी गेली पाहिजे. पाण्यात गाडी घालत असाल तर टोपीच्या जागी नोझल लावून रबरी इंधन-नळी बोनेटखाली उंचावर न्या आणि टोकाला छोटा फिल्टर बसवा. चाक पूर्ण खाली लटकलं तरी ताणली जाणार नाही इतकी नळी सैल ठेवा. पाइप आणि दोन क्लॅम्प एवढाच खर्च. ब्रीदर पूर्ण बंद सापडला तर इथेच थांबा: साफ करा, गोळा पुसून कोरडा करा आणि दोन-तीनशे किलोमीटर चालवून मग पुन्हा पुठ्ठा टाका. सीलचा ओठ अजून फाटला नसेल तर गळती इथेच थांबते.

२. ऑईलची पातळी आणि रंग

गाडी सपाट हवी, नाहीतर सगळं मोजमाप खोटं. भरायचा प्लग हाच पातळीचा प्लग असतो. ऑईल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असावं. काही जण मायेने जास्त भरतात, कधी उतारावर उभ्या गाडीत भरतात. जास्तीचं ऑईल नळीतून थेट सीलवर जाऊन बसतं. आणि एक सवय लावून घ्या: आधी भरायचा प्लग सोडवा, मगच ड्रेनचा. रिकामं झाल्यावर भरायचा प्लग निघत नाही असं कळलं तर गाडी तिथेच बसते.

थोडं ऑईल पारदर्शक बरणीत काढा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. ते सगळं काढून टाकायचं, पुन्हा भरायचं, थोडं चालवून परत काढून बघायचं. पुढच्या डिफमध्ये साधारण २ लिटर बसतं, ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं, आणि जीएल-५ (जास्त दाबाच्या गिअरसाठीचा दर्जा) च हवं. क्राऊन-पिनियनचे (डिफमधली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी) दाते एकमेकांवर घसरत चालतात, त्या दाबाला जीएल-५ मधली रसायनंच पुरी पडतात. ‘गिअर ऑईल द्या’ एवढंच सांगितलं तर दुकानदार हाताला लागेल ते देतो.

बोटावर घेतलेल्या ऑईलमध्ये बारीक करडी पेस्ट असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज. नखाएवढे चकचकीत पापुद्रे किंवा दात्याचा तुकडा सापडला तर सीलचा विषय बाजूला ठेवा आणि सरळ ‘कुठे थांबायचं’ या भागावर जा.

३. चाक हलवून बघा

मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढचा ॲक्सल जॅकने उचला आणि हौसिंगखाली घोड्या (ॲक्सल स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नका.

आता चाक वर आणि खाली, घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर ढकला. खेळ (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा ढकला. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. कारण ब्रेकमुळे डिस्क कॅलिपरला, म्हणजेच नकलला, जखडली जाते आणि हबचा खेळ बाद होतो. तरीही हलत असेल तर नकलच गोळ्यावर हलतोय, म्हणजे किंगपिन. ९ आणि ३ वर धरून हलत असेल तर टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) टोकं बघा.

गळतीशी याचा संबंध थेट आहे. किंगपिन ढिली असली की नकल गोळ्यावर डुलतो. मागचं मोठं सील एका बाजूला चेपतं, दुसऱ्या बाजूला उघडं पडतं. आतला शाफ्टही मधोमध राहत नाही, तो सील एकाच बाजूने खातो. थरथरीचं मूळही बऱ्याचदा इथेच असतं. स्टिअरिंग डॅम्पर लावून थरथर दाबता येते, किंगपिन बरी होत नाही. टायरचं बॅलन्सिंग मात्र आधी करून घ्या, ते स्वस्त पडतं आणि कधीकधी तेवढ्याने भागतं.

चाक वर आहे तोवर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. सरळ स्थितीला खाच जाणवली तर किंगपिनच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरांनी खड्डे पाडलेत. हे बेअरिंग कधी पूर्ण फिरत नाही. आयुष्यभर तेवढ्याच कोनात पुढे-मागे होतं, आणि बहुतेक काळ सरळ उभं राहून खड्ड्यांचे दणके खातं. त्यामुळे रोलर एकाच जागी ठसे उमटवतात. शिम (किंगपिनखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून ते घट्ट करण्यात अर्थ नाही, बेअरिंग बदलावंच लागतं.

४. गोळा आणि मागचं मोठं सील

स्टिअरिंग एका टोकाला नेलं की गोळ्याचा एक भाग उघडा पडतो. तो डिझेलने पुसा आणि नख फिरवा. गंजाचे खड्डे नखाला लागले तर समजायचं, प्रत्येक वळणावर हे खड्डे सीलच्या ओठावर कानस चालवतायत. कोकणातल्या गाड्यांना हे हमखास होतं, कारण खारी हवा, त्यात चार महिने ओल. वर्षातून आठ महिने झाकून उभ्या असलेल्या गाड्यांना तर जास्तच.

वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, आडवा घासा. खोल खड्डे असतील तर गोळा डिझेलने धुऊन, थिनरने कोरडा करून धातूचा इपॉक्सी भरा आणि सुकल्यावर गोळ्याच्या आकारात घासून घ्या. लक्षात घ्या, गोळा हौसिंगलाच पक्का आहे. तो वेगळा विकत मिळून बसवता येईल अशी वस्तू नाही.

मोठं सील मूळ पद्धतीने बसवायचं तर नकल उतरवावा लागतो. ते टाळायला काही जण सील एका जागी कापून गोळ्याभोवती गुंडाळतात, कापलेला सांधा वरच्या अंगाला ठेवून. पावसाळा काढायला ठीक आहे, रिबिल्ड म्हणून नको. त्या आधी मोठं सील दाबून धरणाऱ्या मागच्या पत्र्याचे आठही बोल्ट घट्ट आहेत का बघा. ते लहान आहेत, जोर लावला तर तुटतात. हलक्या हाताने, समोरासमोरचे एकेक असे आवळा.

इथपर्यंतचं काम कोणीही एका रविवारी करू शकतं. पुढचं ज्याच्याकडे घोड्या, सॉकेट सेट, पुलर, टॉर्क पाना आणि अंधार पडला तरी गाडी उघडी ठेवता येईल अशी जागा आहे त्याच्यासाठी.

५. उघडणं

एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. दोन्ही शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात, तेव्हा गोंधळ वाढवायची गरज नाही.

आधी डिफचं ऑईल काढा. चाक उतरवा. कॅलिपर सोडून तारेने लीफ स्प्रिंगला बांधा, पाइपवर लटकू देऊ नका. फ्री व्हील हब किंवा ड्राइव्ह फ्लँज काढा. शाफ्टच्या टोकाचा लॉक काढा, नंतर मोठा लॉकनट. छिन्नी-हातोडीने हा नट फिरवणारे हात मी बरेच बघितलेत. नट निघतो, स्पिंडलचे आटे जातात. त्याचा सॉकेट मिळतो, तो घ्या. हब आणि डिस्क बाहेर आली की स्पिंडलचे बोल्ट काढून रबरी हातोडीने चहूबाजूंनी टकटक करा, ते सैल होतं. मग शाफ्ट जॉइंटसकट बाहेर येतो.

टाय रॉडचं टोक सोडवा, मागचा पत्रा काढा, वरच्या-खालच्या किंगपिन काढा. कुठली वरची आणि कुठली खालची यावर खूण करा आणि प्रत्येकीखालच्या शिम तिच्याबरोबरच तारेत ओवून ठेवा. नकल ओढताना खाली हात धरा, खालचं बेअरिंग घरंगळतं.

आता बघायच्या गोष्टी.

आतलं सील काढण्याआधी टॉर्च लावून त्याचा ओठ नीट पाहा. सगळीकडून सारखा झिजलाय की एकाच बाजूने? सारखा झिजलेला असेल तर वय झालं. एका बाजूने खाल्लेला असेल तर शाफ्ट मधोमध फिरत नव्हता, मग किंगपिन, शाफ्ट किंवा हौसिंग यांतलं काहीतरी वाकडं आहे. संपूर्ण कामातली ही सर्वांत बोलकी खूण, आणि गॅरेजमध्ये जुनं सील उपटून थेट कचऱ्यात जातं.

मग शाफ्टवर जिथे सील चालतं तो गुळगुळीत भाग नखाने तपासा. नख अडकेल अशी चर पडली असेल तर नवं सीलही त्या चरीतून गळणार. उपाय तीन. सील हौसिंगमध्ये एखाद-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणणं, तेवढी जागा असेल तर. शाफ्टवर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवणं. किंवा शाफ्ट बदलणं.

सीव्ही जॉइंट धुऊन त्यातल्या पोलादी गोळ्या आणि त्यांच्या खाचा बघा. खाचेत बोटाला पायरी लागली किंवा जॉइंटच्या घंटेसारख्या भागाच्या काठाला केसाएवढीही चीर दिसली तर तो भंगार. घंटा फुटते ती नेमकी पूर्ण वळवून चढावर जोर लावताना, आणि फुटताना आतून नकलला घेऊन जाते.

६. जोडणं

सील विकत घेताना गाडीचं नाव सांगून थांबू नका. जुन्या सीलवर छापलेली आतली, बाहेरची आणि जाडीची मापं वाचून तीच जुळवा. पुण्यात नाना पेठेत एकाच काउंटरवर एकाच गाडीची वेगवेगळ्या दर्जाची सीलं समोर येतात. स्प्रिंग ढिली वाटली किंवा ओठ कडक वाटला तर परत करा.

आतल्या सीलची स्प्रिंगवाली बाजू डिफकडे. सॉकेट किंवा पाइपचा तुकडा बाहेरच्या कडेवर टेकवून सरळ ठोका, ओठाला ग्रीस चोळा. आता सगळ्यात नाजूक क्षण. शाफ्ट आत घालताना त्याचं वजन सीलवर टेकू देऊ नका. नवं सील पहिल्याच दिवशी गळतं ते बहुधा इथे: शाफ्टच्या स्प्लाइनचे दाते ओठावरून घासत जातात. एका हाताने जॉइंट धरा, दुसऱ्याने शाफ्ट खालून उचलून धरा, आणि स्प्लाइन डिफमध्ये बसेपर्यंत तो अधांतरी ठेवा. जड वाटला तर माणूस बोलवा, घाई नको.

किंगपिनच्या बेअरिंगच्या नव्या वाट्या बसवताना जुनी वाटी मध्ये ठेवून ठोका आणि डोळ्यांवर चष्मा लावा, कडक पोलादाचा कण उडतो. वाटी तळाला टेकली की हातोडीचा आवाज बदलतो, तो ऐका.

मग प्रीलोड, म्हणजे बेअरिंगला बसवतानाच दिलेला दाब. बहुतेक ठिकाणी हे अंदाजपंचे होतं आणि म्हणूनच काम टिकत नाही. मोठं सील, शाफ्ट आणि टाय रॉड न लावता नुसता नकल किंगपिनांवर बसवा, बोल्ट टॉर्कला आवळा. टाय रॉडच्या भोकात रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंग काटा अडकवा आणि काटकोनात हळू ओढा. नकल हलायला लागतो त्या क्षणी काटा १ ते १.८ किलोच्या दरम्यान हवा. कमी असेल तर शिम काढा, जास्त असेल तर घाला. वरून-खालून सारखं करा, नाहीतर शाफ्टचा मध्य सरकतो. सील लावल्यावर मोजलं तर सीलची पकडही आकड्यात येते आणि तो खोटा ठरतो, म्हणून क्रम महत्त्वाचा.

ग्रीस लिथियमचं, चांगल्या कंपनीचं. जॉइंटमध्ये बोटाने दाबून दाबून भरा. नकलच्या पोटात अर्ध्यापेक्षा थोडं जास्त पुरे. ठासून भरलं तर तापल्यावर मागचं सील तेच ग्रीस बाहेर ढकलतं आणि तुम्ही पुन्हा गळती शोधत बसता. मागच्या सीलचं फेल्ट (नमद्याचं कडं) तेलात भिजवून मगच बसवा.

मजबूत शाफ्ट घालायचा विचार असेल तर

मोठे टायर, डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) आणि खडकांवर चढणं असेल तर मूळचे सीव्ही जॉइंट आणि शाफ्ट कमी पडतात हे मान्य. क्रोमोली पोलादाचे तयार सेट मिळतात, महाग असतात. स्वस्त वाट म्हणून लेथवर ईएन-२४ चा शाफ्ट कातून घेण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ईएन-२४ हे त्याच घराण्यातलं पोलाद, धातूबद्दल तक्रार नाही. प्रश्न हीट ट्रीटमेंटचा. कातलेला शाफ्ट योग्य कडकपणाला आणून टेंपर केला नाही, तर स्प्लाइन पिळवटतात, आणि तोच शाफ्ट उलट जास्त कडक झाला तर काडकन तुटतो. ट्रीटमेंटचा रिपोर्ट आणि कडकपणाचा आकडा हातात देणारा वर्कशॉप असेल तरच करा. सील चालतं तो भाग ग्राइंड केलेला हवा. लेथच्या हत्याराच्या रेघा तशाच राहिल्या तर त्या ऑईल बाहेर वाहून नेतात.

दुसरं, शाफ्ट तुटेनासा झाला की ताण पुढे सरकतो आणि क्राऊन-पिनियनवर येतो. शाफ्ट मी अर्ध्या दिवसात बदलतो. क्राऊन-पिनियनचं तसं नाही. कित्येकांना मी मूळचा शाफ्टच ठेवा आणि एक सुटा शाफ्ट गाडीत बाळगा असं सांगतो, ऐकणारे कमी.

कुठे थांबायचं

डिफच्या ऑईलमध्ये धातूचे पापुद्रे किंवा तुकडे निघाले, किंवा ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की घुं-घुं आवाजाचा सूर बदलतो, तर डिफ उघडू नका. हौसिंगमधून अख्खं काढून नेता येतं, ते काढून माहितगार माणसाकडे द्या. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते, एकाचीच बदली होत नाही. बॅकलॅश (दात्यांमधला खेळ) डायल गेजवर मोजावा लागतो, दात्यांवर रंग लावून ठसा पाहावा लागतो, पिनियनची खोली शिमने जुळवावी लागते. घरी जमलंय असं वाटतं आणि पहिल्या घाटात आवाज येतो.

पिनियन सीलसुद्धा याच रांगेतलं. ते दिसायला सोपं आहे, एक नट आणि फ्लँज. पण त्या नटाखाली दबून बसणारी स्पेसर नळी आहे आणि तिच्यावर पिनियन बेअरिंगचा प्रीलोड ठरतो. नट खुणेपेक्षा जास्त आवळला गेला की नळी चेपते, आणि चेपलेली परत येत नाही. प्रीलोड मोजायचं साधन नसेल तर हात लावू नका.

हौसिंग वाकल्याचा संशय असेल, म्हणजे सील एका बाजूने खाल्लेलं निघालं आणि किंगपिन व शाफ्ट दोन्ही ठीक आहेत, तर सपाट जागेवर दोन्ही चाकांशेजारी ओळंबा सोडा आणि टायरच्या वरचं व खालचं अंतर मोजा. मूळ गाडीत चाकाचा माथा किंचित बाहेर असतो. तो आत झुकलेला दिसला, किंवा दोन बाजूंत ठळक फरक निघाला, तर गाडीच्या उडीच्या दणक्याने हौसिंग वाकलंय. ते प्रेसवर, मापं घेऊन सरळ करणाऱ्याचंच काम आहे. गॅस लावून तापवून सरळ करतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. आणि हौसिंगखाली मजबुतीची पट्टी वेल्ड करायची असेल तर तीही अशाच माणसाकडून. एका दमात लांब वेल्ड मारला की ओढ बसते आणि सरळ हौसिंग वाकडं होतं.

ब्रेकचा पाइप तडकलेला असेल, स्पिंडलचे आटे गेलेले असतील, किंवा नकलच्या बोल्टची भोकं सैल झाली असतील तर गाडी टो करून न्या. चालवत नेऊ नका.

काम झाल्यावर

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर किंगपिनचे आणि मागच्या पत्र्याचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने बघा, नवं सील बसतं तसे ते थोडे सैल पडतात. थांबल्यावर हबला हात लावा. कोमट ठीक, हात टेकवत नाही इतका गरम असेल तर चाकाचं बेअरिंग जास्त आवळलं गेलंय. आठवडाभराने रात्री पुठ्ठा टाका. सुरुवातीला ग्रीसचा पुसट थर दिसला तर पुसून सोडून द्या. गंधकाचा वास आला तरच परत उघडायचं.

पुढे दर वेळी गाडी हबच्या वर पाण्यात गेली की घरी आल्यावर डिफचं थोडं ऑईल बरणीत काढून रंग बघा. ओढ्यात उतरण्याआधी दहा मिनिटं थांबून ॲक्सल निवू देणारे फार कमी दिसतात. ती दहा मिनिटं फुकट मिळतात, सीलला पैसे पडतात आणि ते घालायला अख्खा दिवस जातो.